साडेसतरा लाखांचा युक्तिवाद

शास्त्रज्ञाचे भाषण वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकते काय, असे कोणी विचारील. ज्या गद्याने एका राष्ट्राच्या विचारास वळण लावले, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. डॉ. होमी भाभा यांचे २४ ऑक्टोबर १९६४ रोजी आकाशवाणीवरून झालेले भाषण या कोटीतील आहे. आठच दिवसांपूर्वी चीनने पहिला अणुस्फोट केला होता. भारतास असे अस्त्र साध्य आहे काय, हाच त्या वेळचा प्रश्न होता.

भाषणाचा दिवस संयुक्त राष्ट्रदिनाचा आणि त्यात निःशस्त्रीकरणाचा पुरस्कारही आहे. त्यातच हिशेबनिसाच्या शांतपणाने आकडे येतात: दहा किलोटनांच्या स्फोटास साडेसतरा लाख रुपये, दोन मेगाटनांच्या स्फोटास तीस लाख, पन्नास अणुबाँबचा साठा दहा कोटींच्या आत. अलंकार नाही, आवेश नाही. आवेशाने बोलणाऱ्याविषयी श्रोत्यास संशय येतो. आकड्यांत बोलणाऱ्याविषयी सहसा येत नाही. या गद्याचे बळ ते हेच.

हे आकडे भाभांच्या कल्पनेतील नव्हते. शांततामय स्फोटांसाठी अमेरिकेने जाहीर केलेल्या दरांवर ते आधारलेले होते. परंतु अणुभट्ट्या, प्लुटोनियमचे कारखाने व चाचणीची मैदाने आधीच उभारून बसलेल्या देशाने आणखी एका स्फोटास लावलेली ती किंमत होती. आपल्याजवळ तुर्भे येथे कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली, १९६० साली कार्यान्वित झालेली अणुभट्टी आणि प्लुटोनियम वेगळे करणारा नवा कारखाना, एवढीच सामग्री होती. बाँब वाहून नेणाऱ्या विमानांचा खर्च तर या दरांत येतच नाही.

भिलाईच्या छायेत, जुनवानीसारख्या वस्तीत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा भेद समजावून सांगावयास नको. पोलादाच्या एका टनाचा भाव म्हणजे दल्ली-राजहऱ्याची खाण, लोहमार्ग आणि झोतभट्टी यांची किंमत नव्हे.

निर्णय झाल्यास अठरा महिन्यांत स्फोट करता येईल, असेही भाभा त्याच महिन्यात लंडनमध्ये म्हणाले होते. प्रत्यक्षात पोखरणचा स्फोट १८ मे १९७४ रोजी झाला. दरम्यान १९६६ साली भाभांचे अपघाती निधन झाले व राज्यकर्त्यांची मतेही बदलली, हे खरे. तथापि दाबाखाली प्लुटोनियम कसे वागते याचा अभ्यास, १९७२ साली कार्यान्वित झालेली ‘पूर्णिमा’ ही प्रायोगिक अणुभट्टी, हे सारे त्या भाषणानंतरचे परिश्रम होत.

भाभांच्याच संस्थेत काम करणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६० साली पुण्यातील भाषणात अणुऊर्जेच्या खऱ्या खर्चाविषयी शंका घेऊन सूर्यशक्तीचा पक्ष मांडला होता. त्यांच्या गद्यास भाभांची सफाई नाही. पण ‘यात काय धरलेले नाही?’ हा प्रश्न त्यात आहे. कोणत्याही अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी जाणता अधिकारी हेच विचारतो. भाभांचे भाषण आज वाचताना वाचकानेही तेच विचारावे.