वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स, द : श्राव्य नाट्यरूपे

एच्‌. जी. वेल्स (१८६६–१९४६) ह्या इंग्रज लेखकाच्या विज्ञान कादंबरीची (१८९८) नभोनाट्य व ध्वनिमुद्रिका ही रूपे. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडवर मंगळवासीयांनी केलेली स्वारी व सूक्ष्मजंतूंमुळे झालेला त्यांचा नाश, हे मूळ कथानक. टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचा उल्लेख आरंभीच करून कादंबरीकाराने साम्राज्यकर्त्यांना जितांच्या जागी उभे केले आहे.

अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स ह्याच्या नभोनाट्यात (३० ऑक्टोबर १९३८) ही घटना समकालीन न्यू जर्सीत घडते. संगीताचा कार्यक्रम खंडित करणाऱ्या वार्तांमुळे ती काही श्रोत्यांना खरी वाटली. वृत्तपत्रांनी रंगविलेला देशव्यापी हाहाकार मात्र अतिरंजित होता, असे पुढील संशोधकांचे मत आहे. तात्कालिकता साधली, पण मूळ काळाबरोबर त्यातील उपरोधही लोपला.

जेफ वेनच्या संगीतप्रधान ध्वनिमुद्रिकेत (१९७८) व्हिक्टोरियाकाळ कायम आहे. रिचर्ड बर्टनचे धीरगंभीर निवेदन व विद्युत्‌ वाद्यांचे नाद ह्यांच्या विरोधातून जुने जग आणि परकी यंत्रे ह्यांतील अंतर केवळ श्रवणाने प्रतीत होते. तथापि विरहगीतांच्या आर्ततेत साम्राज्यावरील टीका पुसट झाली आहे.

भारतीय श्रोत्याला ही उणीव विशेष जाणवते. व्हिक्टोरियाच्याच कारकीर्दीत वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेणारा लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत (१८६७) पोहोचला. यंत्र आणि परसत्ता ह्यांचे साहचर्य त्या प्रदेशाने प्रत्यक्ष अनुभवले. जितांची ही बाजू वगळल्यास कथेत भय उरते, तिचा नैतिक आशय उरत नाही.