एका बोटाची नायिका

गुप्तहेर म्हटला की त्याला धडधाकट पाय हवेत, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेला पिंड आमचा! खुर्चीत बसून चिरूट ओढणाऱ्या होम्सलासुद्धा अधूनमधून घोडागाडी बोलवावी लागतेच की. अशा माणसाच्या हाती ब्रिजित ओबेर या फ्रेंच बाईंची १९९६ सालची ‘ला मोर दे ब्वा’ (आपण ‘रानातला मृत्यू’ म्हणू) ही कादंबरी इंग्रजी अवतारात पडली.

नायिका एलिझ आंद्रिओली. फ्रान्समधल्या एका लहान गावात सिनेमाचं थिएटर चालवणारी बाई. उत्तर आयर्लंडमधल्या बॉम्बस्फोटात तिचा प्रियकर जातो आणि तिचे डोळे, वाचा, हातपाय सगळंच जातं. शिल्लक काय? कान, डोकं आणि एक बोट. हो म्हणायचं तर बोट उचलायचं. एवढ्या भांडवलावर आमच्या बँकेने कुणाला कर्ज दिलं नसतं. ओबेरबाईंनी तिच्यावर अख्खी रहस्यकथा काढली!

सुपरमार्केटबाहेर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एलिझला व्हर्जिनी नावाची एक चिमुरडी सहज सांगते की गावातली मुलगे मारले जाताहेत आणि मारणारा कोण ते तिला ठाऊक आहे. आता बोला! एलिझला तर ‘कोण?’ एवढंही विचारता येत नाही. त्या जागी मी असतो तर निदान किंचाळलो असतो. तिला तीही सोय नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. बोलता येत नाही म्हणून सगळे तिच्यापाशी येऊन बोलतात. संसाराची रडगाणी, संशय, कबुल्या, सगळं. माणसं तिला कपाटासारखी वापरतात. मनातलं काढायचं, आत ठेवायचं आणि दार लोटून निघून जायचं. लेखिकेने हे नेमकं हेरलंय. आमच्या आत्याची अर्धांगवायूने वाचा गेली, कान मात्र शाबूत होते. भेटायला येणारे मोसंबी आणत, तिच्या उशाशी बसून ‘ओळखलंत का?’ असं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत, आणि मग आवाज तसूभरही न उतरवता तिच्या पाटल्या कुणाला जाणार याची चर्चा करत. आत्या डोळे मिटून घेई. तिला झोप लागली, असं सगळे म्हणत.

एलिझ मात्र झोपत नाही. मनातल्या मनात ती या मंडळींची अशी सालटी काढते की कीव करायला बसलेला वाचक हसायलाच लागतो. तिला देवी करून ओवाळलेली नाही, हे पुस्तकाचं मोठं पुण्य. ती चिडते, खवचटपणा करते, पुरुषांच्या आवाजावर भाळतेसुद्धा.

शेवट मात्र मला पटला नाही. उलगडा फार लांबतो, आणि योगायोगांची गर्दी दादरच्या पुलावरही होणार नाही इतकी होते. खुनी कोण ते मी सांगणार नाही. सांगितलं तरी पटायचं नाही. फ्रेंचांनी १९९७ साली या पुस्तकाला रहस्यकथेचा त्यांचा मानाचा पुरस्कार, ‘ग्रां प्री द लितेरातुर पोलिसिएर’, दिला. तो मधल्या पानांसाठी असावा, असं माझं आपलं मत.

एलिझ पुढे आणखी एका कादंबरीत येते, ‘बर्फातला मृत्यू’मध्ये. ती मी मागवली आहे.