नभोलहरी कुणाच्या?

नागपूरच्या एफ.एम. केंद्रांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो बहुधा गाण्यांचा, निवेदकांच्या लाडिक आवाजांचा आणि बक्षिसांचा असतो. आम्हांला तो वेगळ्या अंगाने वाचावा लागतो. या शहरात कुणाचे गाणे 'संगीत' ठरले आणि कुणाचे 'गोंगाट', हा खरा प्रश्न आहे.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बा. वि. केसकरांकडे आले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत तेच राष्ट्राचे संगीत, ही त्यामागची धारणा. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. या वादात दोनच पक्ष मानले गेले : राग आणि चित्रपट. तिसरा पक्ष कुणाच्या हिशेबातच नव्हता. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मक्रांती झाली होती आणि वस्त्यावस्त्यांतून नवे गाणे उसळत होते. वामनदादा कर्डक मेळाव्यांतून, प्रल्हाद शिंदे पुढे कॅसेटमधून घरोघर पोचले. या गाण्याने आपली वाट आपणच पाडली.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मालक जनता ठरली. पण पुढे लिलाव झाले ते भांडवलदारांत. २००५ च्या धोरणानंतर नागपुरात मिर्ची, माय एफ.एम., रेडिओ सिटी, रेड एफ.एम. आली. मिर्ची टाइम्स समूहाची, माय एफ.एम. भास्करची, रेडिओ सिटी २०१५ पासून जागरणची. ज्यांची वर्तमानपत्रे, त्यांचाच रेडिओ. त्यातही खासगी केंद्राला स्वतःची बातमी देण्यास मनाई. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षा, उत्सव यांची माहिती मात्र 'बातमी' मानली नाही. म्हणजे अत्याचाराविषयी मुके राहायचे, आणि बाकी दिवसभर बोलायचे!

धंतोलीत दवाखान्यांच्या रांगेसमोर एक चहाची टपरी आहे. रुग्णांचे नातेवाईक तिथे रात्र काढतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या एका सकाळी टपरीवरच्या रेडिओतला निवेदक सांगत होता, "रहाटे कॉलनीकडे जाऊ नका, तिकडे खूप गर्दी आहे!" आणि लगेच पुढचे गाणे. ती गर्दी कोण, कुठून आली, कशासाठी आली, याबद्दल अक्षर नाही. उत्सवाची माहिती देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तरीही लाखो माणसे त्याच्या लेखी वाहतुकीचा अडथळा होती. टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. दोघेही काही बोललो नाही.

'हा धंदा आहे, खपेल ते वाजते' असे उत्तर मिळते. ते खोटे आहे. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. बाजार नुसत्या पैशावर चालत नाही; गिऱ्हाईक म्हणून कुणाला मोजायचे, हे जात आधीच ठरवते.

पण केवळ नकाराने भागणार नाही. तेलंगणातील माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ पासून दलित स्त्रिया 'संघम रेडिओ' चालवतात. बियाणी, पिके, आपली गाणी त्या आपल्या बोलीत मांडतात. शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची दारे २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून उघडी आहेत. मग आमच्या संस्थांनी, आमच्या पदवीधरांनी काय केले? माझ्या घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली. म्हणून हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. जयंतीला आम्ही डीजेच्या भिंती उभारतो. त्या आवाजाने छाती दणाणते, पण दुसऱ्या दिवशी उरते काय? एक छोटे प्रक्षेपण केंद्र वर्षभर बोलू शकते. परवान्याचा अर्ज कुणीतरी भरला पाहिजे. तो आपण का भरू नये?