प्रतिरूपदोष आणि पाठभेद

एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवावयाची आणि मागताक्षणी शोधून द्यावयाची, हे इलॅस्टिकसर्चसारख्या विकेंद्रित शोधसंग्रहाचे कार्य होय. २०१० पासून प्रचारात असलेल्या या प्रणालीत संग्रहाचे खंड पाडलेले असतात. प्रत्येक खंडाची एक मुख्य प्रत असते व तिची प्रतिरूपे अन्य यंत्रांवर ठेवली जातात. प्रतिरूपात दोष आढळला की सर्रास योजिला जाणारा उपाय असा : प्रतिरूपांची संख्या शून्य करावी, मग पुन्हा एक करावी, मुख्य प्रतीवरून नवी नक्कल आपोआप होते. हा उपाय बहुधा लागू पडतो, आणि लागू पडल्यामुळेच दोषाचे कारण शोधण्याची गरज कोणास वाटत नाही.

कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. यंत्र एकच असेल तर प्रतिरूप बसणारच नाही, कारण मुख्य प्रत व तिची नक्कल एकाच यंत्रावर ठेवण्यास प्रणाली नकार देते. चकती ८५ टक्क्यांहून अधिक भरली असेल तर नेहमीच्या मांडणीत तेथे नवे प्रतिरूप पाठविले जात नाही. लागोपाठ पाच प्रयत्न फसले म्हणजे प्रणाली तो नाद सोडते. वाटप का अडले याचे स्पष्टीकरण तिच्याचकडे मागता येते. ते न मागता संख्या शून्य करणारा मनुष्य मोठे साहस करतो. कारण मुख्य प्रतच चकतीवर खराब झालेली असली, तर शाबूत असलेली एकमेव प्रत तो स्वहस्ते पुसून टाकतो.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित नाही. चिखलीच्या आग्नेयेस असलेली मेहकर व लोणार ही गावे ज्यात येतात त्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली सिद्ध केलेला तो ग्रंथ पुढे हिराइसा, परशरामबास आदींच्या स्मरणातून पुन्हा उभा राहिला. येथे मुख्य प्रत उरलीच नव्हती. अशा वेळी पंथीयांनी एक पाठ खरा मानून बाकीचे बुडविले नाहीत. भिन्न आठवण 'वासना' म्हणून त्याच पोथीत नोंदविली. बुलढाणा जिल्ह्यातच जन्मलेल्या वि. भि. कोलते यांना १९७८ च्या संपादनात पाठांची तुलना करता आली, ती अशा नोंदी व पोथ्या टिकल्यामुळेच.

शोधसंग्रहाची रीत निराळी आहे. प्रत्येक लेखनास क्रमांक असतो, आणि मुख्य प्रत बदलली की तिच्या कारकीर्दीचा क्रमांकही वाढतो. पदच्युत झालेल्या जुन्या मुख्य प्रतीने धाडलेले लेखन त्यामुळे नाकारले जाते. वेगाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु अद्ययावत प्रती सर्वच गेल्या आणि मागे पडलेली एखादी प्रत तेवढी राहिली, तर तिला मुख्य करण्याच्या आज्ञेत माहितीच्या हानीस संमती असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. येथे 'वासना' नोंदण्याची सोय नाही. म्हणून ती आज्ञा देण्यापूर्वी बंद पडलेल्या यंत्रांच्या चकत्या शाबूत आहेत काय ते पाहावे, आणि असतील तर त्यांवरील मजकूर, कितीही सदोष दिसला तरी, अन्यत्र उतरवून घ्यावा.