रसिक आणि सेलचें घड्याळ

अभिरुचि बदलते तेव्हां ती आपल्या जुन्या निर्णयाची कबुली सहसा देत नाहीं. आपण पूर्वींपासून असेंच म्हणत होतों, असा तिचा आविर्भाव असतो. मनगटी घड्याळांचे जे शौकीन लोक जगभर आहेत, त्यांच्यांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत असाच एक पालट होत आला आहे. ज्या क्वार्ट्झ घड्याळाला, म्हणजे आपण ज्याला सरळ 'सेलचें घड्याळ' म्हणतों त्याला, यांतील बहुतेक लोक पूर्वीं संग्रहांत जागा देत नसत; आतां त्याच्याविषयीं ते गोडीनें बोलूं लागले आहेत. हा पालट अभिरुचीच्या वाढीचा द्योतक आहे कीं केवळ फॅशनचा, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. घड्याळासारख्या वस्तूला साहित्याच्या मासिकांत स्थान कशाला, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर इतकेंच कीं, रसिकतेचे गुणदोष ग्रंथांच्या निवडीपेक्षां अशा लहान वस्तूंच्या निवडींत अधिक उघडे पडतात.

प्रथम या तिरस्काराचें मूळ पाहूं. चावीच्या घड्याळांत गुंडाळलेल्या स्प्रिंगची शक्ति दांतेरी चाकांतून एका डोलणाऱ्या चक्राकडे जाते. तें चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधारानें बहुधा सेकंदाला पांच ते आठ ठोके देतें, आणि त्या ठोक्यांवर वेळ मोजली जाते. थंडी, ऊन, घड्याळ ठेवण्याची तऱ्हा, आंतील तेलाचा दाटपणा, या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. म्हणूनच अचूकपणाचें प्रमाणपत्र मिळविणाऱ्या उत्तम स्विस घड्याळालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें जाण्याची मुभा असते. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेइको कंपनीनें 'अ‍ॅस्ट्रॉन' हें पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणलें. तें महिन्याला पांच सेकंदांपलीकडे चुकत नसे. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या एका लहान मोटारीएवढी होती. परंतु स्वस्ताई यावयास फार वर्षें लागलीं नाहींत. १९७० सालीं स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यांत सुमारें ९०,००० माणसें कामाला होतीं. पुढील पंधरा वर्षांत त्यांतील सुमारें एक-तृतीयांशच उरलीं. जे कारखाने तगले, त्यांपैकीं अनेकांनीं अचूकपणाची स्पर्धा सोडून दिली आणि कारागिरी, परंपरा व 'आत्मा' यांचा पुरस्कार मांडला. 'सेलच्या घड्याळाला आत्मा नसतो' हें वाक्य आज रसिकांचें मत म्हणून ओळखलें जातें. आमच्या मतें तें मुळांत हरलेल्या पक्षाचें समर्थन होतें, आणि पुढें त्यालाच सिद्धान्ताचा मान मिळाला.

या ठिकाणीं आम्हांला स्वतःचीच साक्ष काढली पाहिजे. आमचे वडील रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. त्यांच्याजवळ चावीचें घड्याळ होतें. रोज रात्रीं त्याला चावी देऊन तें उशाशीं ठेवावयाचें आणि सकाळीं रेडिओवरील वेळेचे ठोके ऐकून कांटे जुळवावयाचे, हा त्यांचा नेम. सेवानिवृत्तीला दोन वर्षें उरलीं असतां त्यांनीं सेलचें घड्याळ घेतलें. आम्ही तेव्हां नुकतेच प्राध्यापक झालों होतों. इंग्रजी ग्रंथांच्या वाचनानें हस्तव्यवसायाविषयीं जो एक भाबडा आदर मनांत भरतो, तो आमच्या मनांत पुरेपूर भरला होता. "अण्णा, तुमच्या या घड्याळाला आत्मा नाहीं," असें आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालों. त्यांनीं तें कानाशीं धरलें, हसले आणि म्हणाले, "अरे, मला गाडीची वेळ पाहिजे." पुढें आमच्या लक्षांत आलें कीं सकाळचे ठोके ते अजूनही ऐकत. बोटें चावीवर असत. पण कांटा हलविण्याचें कारण पडत नसे, आणि बोटें तशींच खालीं येत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें समाधान दिसे, तें आम्हीं पाहिलें. परंतु त्याचा अर्थ लावण्याचे कष्ट घेतले नाहींत.

आज वाटतें कीं त्या वेळीं आम्हीं टीकाकाराचा पहिला नियम मोडला होता. वस्तूनें जें करण्याचें पत्करिलें आहे तें तिनें कसें केलें, हें आधीं पाहावयाचें. तिनें न पत्करिलेल्या गोष्टींबद्दल तिला दोष देणें हा अन्याय होय. ओवींत गणांचा हिशेब नाहीं म्हणून तिला कोणी हीन ठरवीत नाहीं. शार्दूलविक्रीडिताची मोजणी तिला लावणाराच हास्यास्पद होतो. मग सेलच्या घड्याळानें काय पत्करिलें आहे? १८८० सालीं ज्याक व प्येर क्यूरी या बंधूंनीं दाखवून दिलें कीं कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते. याच गुणाची उलट बाजू अशी कीं वीज दिली असतां स्फटिक हालतो. घड्याळांतील चिमट्याच्या आकाराचा स्फटिक बहुधा सेकंदाला ३२,७६८ कंपनें करतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो. त्या एका ठोक्यावर सेकंदकांटा एक पाऊल टाकतो. ज्या पावलाला 'निर्जीव उडी' म्हणून हिणविलें जातें, तें या सोज्ज्वळ गणिताचें फळ आहे.

कारागिरीचा प्रश्नही वाटतो तितका एकतर्फी नाहीं. सेइकोच्या 'ग्रँड सेइको' या शाखेनें १९९३ सालीं ९एफ नांवाचें यंत्र काढलें. तें दिवसांतून ५४० वेळां आंतील उष्णमान पाहून आपली चाल सुधारतें आणि वर्षाला दहा सेकंदांच्या आंत राहतें. त्याचा सेकंदकांटा खुणेवर येतांना थरथरूं नये म्हणून त्यांत बसविलेली वस्तु कोणती? चावीच्या घड्याळांतली तीच केसासारखी स्प्रिंग! जुन्या विद्येनें नव्या विद्येचा हात धरल्याचें हें उदाहरण ज्यानें एकदां पाहिलें, त्याला 'आत्मा' या शब्दाचा उच्चार जरा जपून करावासा वाटेल. २०१९ सालीं सिटिझन कंपनीनें तर वर्षाला एका सेकंदाच्या मर्यादेंत राहणारें मनगटी घड्याळ विक्रीस आणलें. अचूकपणा हाही एक रस आहे, हें अशा वस्तूंनीं शौकिनांना शिकविलें, आणि जे या वाटेनें पालटले त्यांचा पालट आम्ही खरा मानतों.

परंतु सर्वच या वाटेनें आलेले नाहींत. २०१४ सालीं फ्रान्स्वा-पॉल जूर्न या मान्यवर घड्याळकारानें 'एलेगांत' हें क्वार्ट्झ घड्याळ काढलें. सुमारें पस्तीस मिनिटें तें स्थिर राहिलें तर त्याचे कांटे थांबतात आणि उचलतांच पुन्हां बरोबर वेळेवर येतात. कल्पना सुंदर आहे. पण हें घड्याळ वाखाणणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं कल्पनेला मान दिला कीं कर्त्याच्या नांवाला, याची शंका येते. मार्च २०२२ मध्यें ओमेगा व स्वॉच यांचें स्वस्त क्वार्ट्झ 'चंद्र-घड्याळ' निघालें, तेव्हां अनेक शहरांत दुकानांपुढें रांगा लागल्या. त्या रांगांत उभे राहिलेले सगळे स्फटिकाच्या प्रेमानें उभे होते, असें म्हणवत नाहीं. कालचा तिरस्कार ज्यांनीं दुसऱ्यांच्या तोंडून उचलला, त्यांनीं आजचें प्रेमही तेथूनच उचललें असेल, तर अभिरुचीची वाढ झाली असें कसें म्हणावें?

आपल्या देशांत या प्रकरणाला निराळें वळण लागलें. १९६१ पासून एच. एम. टी.नें चावीचें घड्याळ मध्यमवर्गाच्या मनगटावर आणलें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या टायटननें होसूरच्या कारखान्यांतून क्वार्ट्झचा प्रसार केला. येथें सेलचें घड्याळ पुष्कळांच्या घरीं लग्नांतली भेट म्हणून, नोकरी लागल्याची खूण म्हणून आलें, आणि तें हलकें आहे असें त्या घरांना वाटलें नाहीं. २०१६ सालीं एच. एम. टी.चा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय झाल्यावर तिच्या 'जनता' घड्याळाला शौकीन शोधूं लागले. हें शोधणें योग्यच आहे. मात्र त्यासाठीं घरांतल्या सेलच्या घड्याळाला नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

आतां दुसरी बाजू. वडील गेल्यावर त्यांचीं दोन्ही घड्याळें आम्हीं कपाटांत ठेवलीं आणि विसरलों. तीन वर्षांनीं काढलीं, तों चावीचें घड्याळ चार पीळ देतांच चालूं लागलें. दुसऱ्यांतला सेल, आमच्याच हयगयीमुळें, आंत पाझरला होता. कारागिरानें भिंगांतून पाहून सांगितलें, "साहेब, यांतली पट्टी आतां मिळायची नाहीं, मशीनच नवीन टाकूं." तबकडी व कांटे वडिलांचे, आणि आंतलें सर्व दुसरें, असें तें घड्याळ आज आमच्या मनगटावर आहे. वेळ अगदीं बरोबर दाखवितें. तरी सेलच्या घड्याळाविरुद्धचा खरा आक्षेप हाच, असें आम्हांला वाटतें. १९८३ सालीं स्वॉचनें ५१ भागांचें घड्याळ काढलें, तें दुरुस्तीसाठीं उघडण्याची सोयच त्यांत ठेवली नव्हती. सेल तेवढा बदलावयाचा. चावीच्या घड्याळाचा मोडलेला भाग कुशल कारागीर प्रसंगीं हातानें घडवूं शकतो. विजेच्या पट्टीच्या बाबतींत तो हतबल होतो.

म्हणून आमचा अभिप्राय असा: सेलच्या घड्याळाला रसिकांनीं दिलेली जागा त्याच्या हक्काची आहे, आणि ती उशिरां मिळाली. पण रसिकतेचें काम कौतुकानें संपत नाहीं. कारखानदारांनीं उघडतां येईल, साफ करतां येईल आणि ज्याची पट्टी वीस वर्षांनींही मिळेल असें क्वार्ट्झ घड्याळ साध्या किंमतींत द्यावें, अशी मागणी शौकिनांनीं आतां केली पाहिजे. त्यांच्या शब्दाला बाजारांत वजन आहे. तें आजवर बहुधा तिरस्काराच्या कामीं खर्च झालें. आमच्या वडिलांना अशी मागणी सुचली नसती, कारण त्यांना गाडीची वेळ मिळाली होती. पण तें घड्याळ ज्यांच्याकडे आलें, त्यांनीं ती करावयास हरकत नाहीं.