गायक-नटांचे पाठभेद

भोर-वेल्ह्याच्या मावळांत जुनीं दप्तरें धुंडाळणारे संशोधक रुमालांतून सनदा, महजर व वतनपत्रें वेचून घेतात. त्यांतच एखाद्या नाटकाच्या नकलांची वही निघाली, तर ती बाजूस टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे. गाणें व अभिनय या दोहोंवर ज्यांनीं आयुष्य काढलें, त्या नटांविषयीं न्याय्य मत बनविण्यास अशा वहीइतकें जवळचें लेखी साधन दुसरें नाहीं.

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ पासून जीं नाटकें केलीं, त्यांत पदें सूत्रधार म्हणे. पात्रें आपलीं भाषणें ऐनवेळीं करीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें व पदें पात्रांच्या मुखीं घातलीं. येथून गायक-नटांचा वर्ग उदयास आला. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर हे त्याचे धुरीण. त्यांवरील नित्याचा आक्षेप असा, कीं गाण्यानें नाटक मागें पडलें. ‘वन्समोअर’पायीं कथानक खोळंबे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु ही अडचण कालिदासासही ठाऊक होती. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या प्रस्तावनेंत नटीचें गीत ऐकून सूत्रधार कोणतें नाटक करावयाचें हेंच विसरतो. कवीनें मात्र त्या विस्मरणाचाच धागा धरून मृगामागें धांवणाऱ्या दुष्यंतास रंगभूमीवर आणलें. गीत कथानकास जोडलें गेलें, म्हणून तें दोष न होतां गुण झालें. गायक-नटाच्या परीक्षणाची कसोटीही हीच: पद कोणत्या वाक्यावर उचललें जातें, आणि तें संपतांच भाषण पुन्हां कसें सुरू होतें.

ही कसोटी लावावयास साधन कोणतें? छापील प्रत पद व त्याची चाल एवढेंच सांगते. जुनी ध्वनिमुद्रिका तेंच पद संवादापासून तोडून तीन-साडेतीन मिनिटांत बसविते. बालगंधर्वांचीं पदें केवळ तबकडीवर ऐकून त्यांच्या अभिनयाचा निकाल देणें म्हणजे एका पानावरून पोथीचा काळ ठरविणें होय.

शिवाय रंगभूमीची गरज संहितेंतही शिरते. ‘एकच प्याला’ १९१९ सालीं गडकऱ्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आला. त्यांतील पदें वि. सी. गुर्जरांचीं. म्हणजे एकाच ग्रंथांत दोन हात आहेत, व दुसरा हात गाणाऱ्या मंडळीसाठीं चालला आहे. ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकांतील अपभ्रंश पदें उत्तरेकडील प्रतींत आहेत, दक्षिणेकडील प्रतींत नाहींत, तीं कवीचीं कीं प्रयोग करणारांचीं, हा वाद पंडितांत प्रसिद्ध आहे. तेथें निर्णयास नटांच्या वह्यांचा आधार मिळत नाहीं. मराठी नाटकावर तोच प्रसंग आपल्या हयगयीमुळें येऊं नये.

म्हणून अशी वही हातीं येतांच तिच्या समासांतील खुणा, गाळलेलीं कडवीं, पदापूर्वीचें वाक्य, तसेंच लेखनकर्त्याचें नांव व गांव हीं सर्व टिपून ठेवावीं. वही अपुरी वा अशुद्ध असली तरी चिंता नाहीं. शुद्ध प्रतीपेक्षां अशुद्ध प्रत पुष्कळदां अधिक बोलते, हें आपण जाणतोंच. पुराव्यावांचून बखरीचा शब्द आपण मानीत नाहीं. गायक-नटांवरील शेरेही तसेच पारखून घ्यावे.