पंचवीस टक्क्यांमागची १२९ मुलं

बालविकास, पोषण किंवा शिक्षण यांपैकी कशावरही संशोधन-प्रस्ताव लिहीत असाल, तर एक वाक्य तुमच्या हातून लिहिलं जाण्याची दाट शक्यता आहे: लहानपणी खेळातून चालना मिळालेली मुलं मोठेपणी २५ टक्के जास्त कमावतात. मीही लिहिलं होतं, तेही पहिल्याच पानावर. आमच्या मॅडमनी खाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘किती मुलं?’ मला उत्तर देता आलं नाही. मी मूळ लेख वाचलाच नव्हता. कुणाच्या तरी प्रस्तावनेतून वाक्य उचललं होतं. म्हणून आज तो लेख आपण सोबत वाचू.

लेख २०१४ साली ‘सायन्स’मध्ये आला. पहिले लेखक पॉल गर्टलर. सोबत जेम्स हेकमन, सुझन वॉकर, सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि इतर. म्हणजे अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ आणि जमैकातल्या वेस्ट इंडिज विद्यापीठात वाढलेलं बालविकासाचं काम, अशी ही भागीदारी.

प्रयोग काय होता?

१९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली, उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं निवडली गेली. रँडम पद्धतीने चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला दुधावर आधारित पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटातल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

१९९१ च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखात आहार आणि खेळ दोन्हींचा मुलांच्या विकासाला फायदा दिसला. पुढच्या पाहण्यांमध्ये आहाराचा परिणाम दिसेनासा झाला, खेळाचा टिकला. बावीसाव्या वर्षी १०५ जण पुन्हा सापडले, आणि खेळ मिळालेल्यांची कमाई २५ टक्के जास्त निघाली.

काय पटतं?

वीस वर्षांनी १२९ पैकी १०५ जणांना शोधून काढणं ही साधी गोष्ट नाही. लहान नमुन्याला साजेशा चाचण्या लेखकांनी वापरल्यात. एकाच वेळी अनेक निष्कर्ष तपासले की एखादा योगायोगानेही ‘लागतो’. त्याचीही दुरुस्ती केलीय. शिवाय त्याच वस्त्यांमधल्या, उंची न खुंटलेल्या मुलांशी तुलना आहे. खेळ मिळालेल्या गटाने कमाईत त्यांना गाठलं, हा निष्कर्ष मला २५ टक्क्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

कुठे अडायला होतं?

पहिलं, आकड्याचा आकार. खेळाचे दोन गट एकत्र, उरलेले दोन एकत्र, अशी ही तुलना आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण पन्नासेक माणसं. बावीस वर्षांच्या पन्नास मुलांचे पगार डोळ्यांसमोर आणा: कुणी बेकार, कुणी बरा कमावणारा. एवढ्या चढउतारात छोटा फरक ‘लक्षणीय’ ठरूच शकत नाही, मोठा असला तरच ठरतो. त्यामुळे लहान अभ्यासात जे छापलं जातं ते खऱ्यापेक्षा फुगलेलं असण्याचा धोका कायम असतो. सांख्यिकीतज्ज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. वर्षभर आधी, २०१३ च्या मसुद्यात, हाच आकडा ४२ टक्के होता, हेही लक्षात ठेवा. दिशा बरोबर असेल. पण त्या आकड्यावर सरकारी बजेटचं गणित मांडू नये.

दुसरं, स्थलांतर. खेळ मिळालेल्या गटातले जास्त जण देश सोडून गेले, आणि परदेशात पगार जास्त. मग वाढ कौशल्याची की ठिकाणाची? लेखकांनी हा प्रश्न लपवलेला नाही, पण पुढे लेख उद्धृत करणारे तो गाळतात.

तिसरं, आपल्या वाचनातली चूक. ‘आहाराचा उपयोग नाही’ असं या लेखातून निघत नाही. इथली मुलं आहार सुरू होण्याआधीच खुंटलेली होती. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ दरम्यान चार गावांत पूरक आहाराचा प्रयोग झाला. पहिल्या दोन वर्षांत तो मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई पुढे ४६ टक्के जास्त निघाली. अर्थात गावं फक्त चार, म्हणजे मॅडमची पेन्सिल इथेही चालवायला हवी.

मग पुढे काय झालं?

जमैकातलं तंत्र ‘रीच अप’ या नावाने बऱ्याच देशांत गेलं. कोलंबियात ९६ नगरपालिकांमध्ये मोठा प्रयोग झाला. मुलांच्या आकलनात फरक पडला, पण दोन वर्षांनी पाहिलं तर तो दिसेना. ओडिशात कटकच्या झोपडपट्ट्यांमध्येही घरभेटींनी आकलन सुधारल्याचं दिसलं. ते टिकतं का, हा वेगळा प्रश्न. लहान प्रयोगात प्रत्येक आरोग्यसेविकेकडे लक्ष देता येतं, हजारो घरांत ते पातळ होतं.

हे आपल्या दारातलं आहे. २०२३ पासून केंद्राची ‘पोषण भी पढाई भी’ योजना अंगणवाडीतल्या शिकण्यावर भर देतेय. वजन, रजिस्टर, आहारवाटप, मोबाईलवरची माहिती सांभाळणाऱ्या ताईंकडूनच आता खेळाचीही अपेक्षा आहे. किंग्स्टनच्या सेविकेला दर आठवड्याला एका मुलासाठी एक अख्खा तास होता. ताईंकडे तो कुठून येणार? २५ टक्क्यांचं वाक्य हा प्रश्न झाकून टाकतं, आणि परिणाम दिसला नाही तर दोष ताईंच्या माथी येतो.

म्हणून कुठलाही गाजलेला आकडा वापरण्याआधी चार गोष्टी शोधा: किती माणसं, कुणाशी तुलना, कोण गळालं, आणि काम प्रत्यक्ष कुणी, किती वेळ देऊन केलं. चौथं उत्तर मुख्य लेखात थोडक्यातच मिळतं, त्यासाठी जुने लेख काढावे लागतात. कंटाळा येईल, पण काढा.

माझ्या प्रस्तावातलं वाक्य आता असं आहे: ‘किंग्स्टनमधल्या १२९ खुंटलेल्या मुलांच्या प्रयोगात, दोन वर्षांच्या साप्ताहिक घरभेटींनंतर, सापडलेल्या १०५ जणांमध्ये कमाईतला फरक दिसला, मोठ्या प्रमाणावर तो टिकतो का हे अजून स्पष्ट नाही.’ लांबलचक झालंय, मान्य. पण मॅडमनी त्याखाली या वेळी काही लिहिलं नाही.